गच्चीवरच्या पिंजऱ्यात दांड्या किती, कशा आणि कुठे?

धायरीकर

मंडळी, सल्ला हवाय. गच्चीच्या एका कोपऱ्यात पक्ष्यांसाठी मोठा पिंजरा बांधून घेतोय. लांबी दहा फूट, रुंदी पाच, उंची सात. पश्चिमेला पाण्याच्या टाकीची भिंत आहे, पाच फुटांची बाजू तिला टेकूनच येईल. उरलेल्या तिन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली तारेची जाळी. वर भिंतीकडच्या अर्ध्या भागावर पत्रा आणि पुढच्या अर्ध्यावर जाळी. राहणार वीस बजी (दुकानदार लव्हबर्ड म्हणून विकतात ते छोटे पोपट) आणि कॉकटीलच्या (तुरेवाल्या पोपटांच्या) दोन जोड्या. सध्या सगळे बाल्कनीत दाटीवाटीने आहेत.

सांगाडा, जाळी, रंग सगळं ठरलं, घोडं अडलंय ते दांड्यांवर. माझा बेत असा: एक इंच जाडीच्या, रंधून गोल केलेल्या सागवानी दांड्या, पाच फुटी, दर दोन फुटांवर एक, सगळ्या साडेपाच फूट उंचीवर. फॅब्रिकेटर म्हणतो लाकूड कशाला, दहा एमएमची सळई वेल्ड करून देतो, जन्मभर बघायला नको. शिवाय तो घाई करतोय. अनुभवी लोकांनी कृपया लिहावं.

उगाच एक

एकाच उंचीवर पाच दांड्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कपडे वाळत घालायची उत्तम सोय झाली. पक्षी कुठे ठेवणार?

काकाकुवा

टोमणा आहे, पण मुद्दा बरोबर आहे. दहा फूट लांबी तुम्ही कशासाठी घेतलीत? उडण्यासाठी. मग दर दोन फुटांवर दांडी लावली की पक्षी उडत नाही, एका दांडीवरून दुसरीवर उडी मारतो. पंख पुरते उघडायची वेळच येत नाही. कॉकटीलचे पंख पसरले की दीड फुटाच्या आसपास भरतात, त्याला वळायलाही जागा लागते. बजी आणि कॉकटील दोन्ही आडवे उडणारे पक्षी. त्यांना उंचीपेक्षा लांबी कामाची, आणि ती मोकळी हवी.

म्हणून पहिली गोष्ट, दांड्या फक्त दोन टोकांना. मधला भाग रिकामा. तिथे झोका नको, शिडी नको, खेळणी टांगायचा मोह नको. लोक पिंजरा 'भरतात' आणि मग म्हणतात आमचे पक्षी आळशी आहेत.

दुसरी गोष्ट, झोपायची जागा. पक्षी रात्री सगळ्यात उंच दांडी शोधतो. उंच दांडी एकच असली तर रोज संध्याकाळी तिच्यावरून मारामारी ठरलेली. तेव्हा वरच्या दांड्या एकाच उंचीवर ठेवायचा तुमचा विचार चांगला आहे, तो सोडू नका. फक्त त्या सगळ्या भिंतीच्या बाजूला, पत्र्याखाली आणा. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचं ऊनही तिकडूनच, त्यामुळे टाकीची भिंत तुम्हाला आयती मिळाली आहे.

तिसरी, किती लांबीची दांडी लागेल. हिशोब सोपा आहे. बजीला बसायला चार इंच धरा, कॉकटीलला आठ. वीस बजींचे ऐंशी इंच, चार कॉकटीलचे बत्तीस, एकूण एकशे बारा. म्हणजे सगळे एकाच वेळी झोपायला बसले तर सव्वानऊ फुटांहून थोडी जास्तच दांडी वरच्या उंचीवर हवी. त्यावर थोडी शिल्लक ठेवा, कारण प्रत्येक थव्यात एक खडूस असतो आणि तो दोघांची जागा अडवतो.

चौथी, भिंतीपासूनचं अंतर. कॉकटीलची निम्मी लांबी शेपटीतच असते, साधारण सहा इंच. भिंतीला लागून दांडी लावली की शेपटी घासते, पिसांची टोकं झिजून केरसुणी होते. पहिली दांडी भिंतीपासून एक फुटावर, त्यापुढची आणखी सव्वा फुटावर. छतापासूनही किमान फूटभर खाली. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो, त्याच्या जवळ बसणारा पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतो.

सळई नको. का ते इथले लाकूडवाले सांगतील.

धायरीकर

काका, फार आभार. मधला भाग मोकळा ठेवायचं डोक्यातच आलं नव्हतं. दोन शंका. एक, पाच फुटी दांडी बारीक घेतली तर मध्ये झोळ येणार, जाड घेतली तर बजींच्या पायांना जड जाईल. दोन, खाण्याची भांडी कुठे?

काकाकुवा

भांडी दांडीखाली सोडून कुठेही. थट्टा नाही. निम्म्या पिंजऱ्यांत पाण्याचं भांडं बरोबर दांडीच्या खाली असतं आणि मालक रोज तीनदा पाणी बदलून दमतो. तुमचा पत्रा पाच फुटांपर्यंत येतो ना? भिंतीकडच्या दांड्या साडेतीन फुटांवर संपवा आणि भांडी चार ते पाच फुटांच्या पट्ट्यात, बाजूच्या जाळीला लावा. वर पत्रा, त्यामुळे राळे भिजणार नाहीत, आणि वर दांडी नाही, त्यामुळे विष्ठाही पडणार नाही. याच कारणाने एका दांडीच्या बरोबर खाली दुसरी दांडी कधी लावू नये. खालच्याच्या डोक्यावर रोज प्रसाद.

झोळाचं रंधा यांना विचारा, ते या धाग्यावर येतीलच.

रंधा

आलो.

पाच फुटी सलग दांडी लावूच नका. दोन्ही बाजूंनी दोन-दोन फुटांचे तुकडे आत काढा, मध्ये एक फूट मोकळं. झोळ येत नाही, तुम्हाला मधून वाकून झाडलोट करता येते, आणि महत्त्वाचं म्हणजे सलग दांडीवर दादागिरी करणारा पक्षी सरकत सरकत सगळ्यांना ढोसत जातो, त्याला मध्ये खंड पडतो.

जाडी सुतात सांगतो, कारण दुकानात तेच चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच. बजीला चार ते पाच सूत, कॉकटीलला सहा ते आठ. पण हे आकडे मधले आहेत. एकाच मापाच्या दहा दांड्या लावण्यात अर्थ नाही, कारण मग तळव्याचा तोच तो ठिपका दिवसभर दाबला जातो. बारीक-जाड मिसळ हवी. म्हणूनच झाडाची फांदी दुकानातल्या गोल दांडीपेक्षा कधीही सरस. एका बाजूला चार सूत असते, दुसरीकडे सात होते, मध्ये गाठ येते, वाक येतो. पाऊल प्रत्येक जागी वेगळं पडतं.

माप बरोबर आहे का हे पक्षी सांगतो. तो स्वस्थ बसलेला असताना खालून बघा. बोटांनी दांडीला साधारण दोन तृतीयांश ते पाऊण वेढा घालावा. पुढची आणि मागची नखं एकमेकांवर चढत असतील तर दांडी बारीक. बोटं वर नुसती पसरून पडली असतील तर जाड. पोपटाच्या जातीत दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, त्यामुळे हे चटकन दिसतं.

झाडं: पेरू, बाभूळ (काटे सोलून), बोर, चिंच, जांभूळ, कडुनिंब, तुती, निलगिरी. पेरू माझा लाडका. कठीण, बारीक फांद्यांतही दम आणि साल चावायला मिळते. शेवगा दिसायला सरळ पण ठिसूळ, सोडा. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, रुई, शेर, चाफा यांना हातही लावू नका, हे पक्षी दांडी नुसती वापरत नाहीत तर कुरतडून खातात. औषध फवारलेल्या बागेतली फांदीही नको. रस्त्यावरच्या झाडाला स्वतः कोयता लावू नका, त्याला महापालिकेची परवानगी लागते. पावसाळ्याआधी छाटणी होते तेव्हा ढिगातून मागून घ्या, देतात.

आणलेली फांदी साल न काढता ताठ ब्रशने साध्या पाण्याने घासायची आणि कडक उन्हात चांगली वाळू द्यायची. पॉलिश, वॉर्निश, रंग काही नाही.

सळईचं: मेमध्ये तापते, डिसेंबरात गार पडते, गुळगुळीत, आणि शेवटपर्यंत एकाच मापाची. फॅब्रिकेटरला हिरमुसवू नका, त्याला दुसरं काम द्या. साडेपाच फुटांवर दोन्ही लांब बाजूंना आतून एक सपाट लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्या, तिला दर तीन इंचांवर भोकं. फांदीच्या बुडात असा बोल्ट पिळायचा ज्याला एका बाजूला लाकडाचे आणि दुसऱ्या बाजूला नटाचे आटे असतात. तो पट्टीच्या भोकातून बाहेर काढून मोठा वॉशर आणि विंग नट. स्टेनलेसचा घ्या, पुण्यात बोहरी आळीत मिळतो. दांडी बदलायची झाली की बाहेरून हाताने नट सोडवायचा, पिंजऱ्यात शिरायलाही नको. नुसत्या जाळीवर दांडी लटकवली तर जाळी वाकते आणि दांडी गोल फिरत राहते.

काकाकुवा

फिरणाऱ्या दांडीवरून एक. पिल्लं हवी असतील तर दांडी घट्टच पाहिजे. जोडी जमते तेव्हा मादी दांडीवर घट्ट बसते आणि नर तिच्यावर तोल सांभाळत असतो. दांडी हलली की काम अर्धवट आणि अंडी गाभण निघत नाहीत. लोक अंडी घालायची मडकी बदलतात, खाणं बदलतात, नर बदलतात. दांडी हलवून कोणी बघत नाही.

मुठाकाठ

एवढा खटाटोप कशाला? माझ्याकडे गेली अनेक वर्षं वेळूच्या दांड्या आहेत. बुरूड आळीतून आणायचा, हवा तसा कापायचा. स्वस्त, हलका, सरळ, पाण्याला टिकतो. पक्षी ठणठणीत आहेत. फांद्या दर काही महिन्यांनी कुरतडून संपतात, मग पुन्हा शोधाशोध.

रंधा

मुठाकाठ, कुरतडून संपणं हा फांदीचा गुण आहे. ती संपली नाही तर पक्षी जाळी कुरतडतील, नाहीतर एकमेकांची पिसं.

वेळूशी माझं भांडण दोन बाबतींत. पाठ गुळगुळीत, तिच्यावर बजीची पकड सुटते, विशेषतः पावसाळ्यात दमट हवेत. पॉलिश पेपरने पाठ खरखरीत करा असं सुचवणार होतो, पण ते काही आठवड्यांत पुन्हा गुळगुळीत होतं. आणि दुसरं, पोकळ टोक. त्यात काय काय वस्ती करतं ते एकदा रात्री टॉर्च लावून बघा.

मुठाकाठ

टोकं मी मेणाने बुजवतो. पाठीचं म्हणाल तर मान्य, थोडी घसरते. तरी माझं मत बदललेलं नाही. सगळ्याच फांद्या आणि एखाद-दुसरा वेळू, एवढी तडजोड करायला तयार आहे.

पिंगळा

रंधा यांनी रात्रीच्या टॉर्चचं लिहिलंय त्याबद्दल सविस्तर, कारण नव्या लोकांना हे कोणी सांगत नाही.

लाल गोचिडीसारखा एक अगदी बारीक किडा असतो, लोक त्याला रेड माइट म्हणतात. दिवसा तो पक्ष्याच्या अंगावर सापडतच नाही. दांडीचं टोक जिथे चौकटीला टेकतं ती फट, सालीखालची भेग, वेळूचं पोकळ तोंड, मडक्याची मागची बाजू, इथे लपतो. रात्री बाहेर येऊन झोपलेल्या पक्ष्याचं रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत. पक्षी रात्रभर चुळबुळतात, दिवसा मलूल दिसतात, पिल्लं पांढरी पडून दगावतात आणि मालक म्हणतो, काही दिसत तर नाही.

तपासायची रीत: अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी दांडीच्या टोकाला आणि खालच्या बाजूला पांढरं कापड दाबून फिरवायचं. लाल-तपकिरी रेघोट्या उमटल्या की समजायचं. रंधा यांचा बोल्टवाला उपाय इथेच कामाला येतो. दांडी सुटी होते, टोक उघडं पडतं, उकळतं पाणी ओतता येतं. फटीत ठोकून बसवलेल्या दांडीचं हे करता येत नाही.

आता दुसरं. वेल्डमेशच्या तीन बाजू म्हणताय, मग बाहेरच्यांचाही विचार करा. पुण्यात शिक्रा हा शिकारी पक्षी सर्रास आहे, गच्चीवर तर हमखास. तो जाळीला येऊन चिकटतो. जाळीलगत बसलेला पक्षी घाबरून आतल्या आत आपटतो, नाहीतर पंजा आत येण्याइतका जवळ असतो. रात्री मांजर आणि घुबड हेच करतात. पुढच्या टोकाची दांडी जाळीपासून फूटभर आत घ्या. बाजूच्या दोन-दोन फुटी तुकड्यांचं बूड जाळीजवळ येणार, ते टाळता येत नाही, म्हणून पत्र्याखालचा भाग बाजूंनीही दांड्यांच्या उंचीला फळी किंवा पत्रा लावून बंद करा.

आणि कॉकटील आहेत म्हणून: हे पक्षी रात्री दचकतात. एक उडाला की अंधारात सगळे उडतात, पंखांची कोवळी पिसं रक्ताळतात. ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की आणि दिवाळीत हे ठरलेलं. झोपायच्या भागात मंद दिवा रात्रभर ठेवा, म्हणजे परत दांडी सापडते. मधली जागा मोकळी ठेवायचं हेही एक कारण, अंधारात आपटायला काही नको.

सईची आई

पायांबद्दल लिहिते. माझ्याकडे नात्यातून एक कॉकटील आली. आधीच्या घरी पिंजऱ्याबरोबर मिळालेल्या प्लॅस्टिकच्या दोन दांड्या, एकाच मापाच्या, आणि खायला फक्त सूर्यफूल. इथे आल्यावर ती सारखी एक पाय उचलून बसायची. आम्हाला वाटलं झोपते. डॉक्टरांनी तिला टॉवेलात धरून उलटं केलं आणि तळवा दाखवला. चांगल्या तळव्यावर बारीक खरखरीत दाणे असतात. हिच्या तळव्यावर मधोमध दाणे नव्हतेच, चकचकीत गुलाबी ठिपका होता, आणि दुसऱ्या पायाच्या ठिपक्यावर खपली धरायला लागली होती. याला बंबलफूट म्हणतात. कातडी झिजली की जंतू आत शिरतात, सूज येते, आणि पुढे गेलं तर हाडापर्यंत पोचतं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बदलायला लावल्या, दांड्या आणि खाणं. नुसत्या बियांवर राहिलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्याने कातडी कमकुवत होते. गाजर, लाल भोपळा, कोथिंबीर, शेवग्याचा पाला सुरू केला. वजनही उतरवलं, कारण सगळा भार शेवटी त्या दोन ठिपक्यांवरच येतो. फांद्यांवर आल्यावर हळूहळू दाणे परत दिसायला लागले.

तेव्हा सगळ्यांना विनंती, अधूनमधून पक्षी हातात घेऊन तळवे बघत जा. सूज येईपर्यंत थांबू नका. ठिपका चकाकायला लागला तीच वेळ.

आणि ते वाळूचे कागद दांडीला गुंडाळायला विकतात, ते अजिबात घेऊ नका. नखं तर झिजत नाहीतच, तळवे मात्र सोलून निघतात.

उगाच एक

मग नखं कशाने झिजवायची? माझ्या मित्राच्या बजीची नखं बघून तो सितार शिकतोय असं वाटतं.

सईची आई

सिमेंटची खरखरीत दांडी मिळते, पण एकच, आणि तीही खाण्याच्या भांड्यासमोर, जिथे पक्षी थोडाच वेळ उभा राहतो. झोपायच्या जागी कधीच नाही. बाभळीची जाड फांदीही बरंच काम करते.

मुठाकाठ

सुती दोराच्या दांड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. मऊ असतात, म्हाताऱ्या पक्ष्याला बऱ्या.

पिंगळा

घरातल्या पिंजऱ्यात, रोज नजरेखाली असतील तर बऱ्या. गच्चीवर नको. जून ते सप्टेंबर वाळतच नाहीत, बुरशी धरतात. आणि दोर सुटला की धागा बोटाला आवळतो किंवा चावून पोटात जातो आणि गोळा होतो.

धायरीकर

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! एक बाजूचा प्रश्न. मित्र म्हणतोय एवढा पिंजरा करतोयस तर माझी फिशर लव्हबर्डची जोडी पण घे, आणि त्याच्या ओळखीत कोणाकडे तरी पहाडी पोपट आहे, तोही. जागा पुरेल का?

काकाकुवा

जागेचा प्रश्नच नाही. पहाडी पोपट घरात ठेवणं बेकायदा आहे. आपले सगळे देशी पोपट आणि मुनिया १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. 'ओळखीत' असलं तरी गुन्हा तो गुन्हाच.

फिशर विदेशी असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्टात आहे, आणि २०२४च्या नियमांनुसार अशा पक्ष्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. मित्राकडे कागद आहेत का विचारा. बजी, कॉकटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड त्या परिशिष्टांत नाहीत.

आणि कागद असले तरी फिशर बजींत सोडू नका. हे लव्हबर्ड दिसायला गोड, पण शेजारच्याच्या पायाची बोटं तोडतात. अगदी शेजारी वेगळा पिंजरा केलात तरी मध्ये एकपदरी जाळी चालत नाही, पलीकडे जाळी धरून बसलेल्या बजीचं बोट सापडतं. दोन पदर, मध्ये दोन-तीन इंच अंतर.

धायरीकर

कळलं. दोघांनाही नाही सांगतो.

मग नवा आराखडा असा, तपासून सांगा. भिंतीपासून एक फूट, सव्वादोन फूट आणि साडेतीन फूट अशा तीन ओळी, सगळ्या साडेपाच फूट उंचीवर. प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंनी दोन-दोन फुटी फांदी, मध्ये फूटभर मोकळं. म्हणजे ओळीला अठ्ठेचाळीस इंच, तिन्ही मिळून एकशे चव्वेचाळीस. गरज एकशे बाराची. दोनच ओळी केल्या तर शहाण्णव, कमी पडतं, म्हणून तीन. पुढच्या टोकाला जाळीपासून फूटभर आत एकच ओळ, थोडी खाली, पाच फुटांवर. मध्ये साडेपाच फूट रिकामं. दार लांब बाजूला, त्या रिकाम्या भागात. भांडी काकांनी सांगितली तिथे. झोपायच्या भागात मंद दिवा, बाजूंना फळी.

काकाकुवा

उत्तम. दोन सुधारणा. दार बुटकं करा, चार-सव्वाचार फुटांचं. तुम्हाला वाकावं लागेल पण घाबरलेला पक्षी वर उडतो, आणि वर दार नसलं की निसटत नाही. जमलं तर दाराबाहेर अडीच फुटांची जाळीची खोली करा, आधी बाहेरचं दार लावायचं, मग आतलं उघडायचं. धायरीच्या वाऱ्यात एक कॉकटील सुटला की परत आणायला तुम्ही डोंगरापर्यंत जाल.

दुसरी, सगळं उंचावरच ठेवू नका. पुढच्या उघड्या भागात, वर दांडी नाही अशा कोपऱ्यात, दीड फुटावर एक आडवी-तिडवी फांदी हवी. मडक्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू धडपडत खाली येतं, त्याला लगेच साडेपाच फूट चढता येत नाही. आजारी आणि म्हाताऱ्यांनाही तीच. शिवाय कोण दिवसभर त्या खालच्या फांदीवर बसून आहे यावरून तब्येतीचा अंदाज येतो. पक्षी आजार लपवतो, जागा लपवत नाही.

पुढच्या टोकाची ओळ पातळ, हिरव्या पानांसकट फांदीची केलीत तरी चालेल. तिथे झोपायचं नाही, फक्त उतरायचं आहे. थोडी हलली तर उलट चांगलं, उतरताना पाय काम करतात. घट्ट हव्यात त्या आतल्या.

रंधा

पट्टी वेल्ड केल्यावर जिथे वेल्ड आहे तिथे काळी मळी राहते, ती कानसून काढा, बजी तिथेच जाऊन चोच लावतात. आणि नवी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी पक्षी सोडण्याआधी व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासून धुवा, दोन-चार पाऊस खाऊ दिलात तर आणखी बरं. जस्ताचे सुटे कण पोटात गेले तर विषबाधा होते.

पिंगळा

पुढच्या अर्ध्यावर नुसती जाळी म्हणालात. कबुतरं त्या जाळीवर येऊन बसणार आणि खाली घाण करणार. उतरायची ओळ आणि खालची फांदी दोन्ही तिथेच येतात. तेवढ्या भागावर पारदर्शक पत्रा टाका, मध्ये थोडी जागा उन्हासाठी उघडी ठेवा. वाळलेली विष्ठा खरवडताना तोंडाला मास्क आणि आधी पाणी शिंपडायचं, धूळ नाकात जाऊ द्यायची नाही.

दोन बटाटे

पहिल्यांदाच लिहितेय. माझ्याकडे झेब्रा फिंच आहेत, त्यांनाही हेच माप का?

काकाकुवा

नाही. फिंचला दोन ते चार सूत पुरे. त्यांची तीन बोटं पुढे, एक मागे, पकड वेगळी. बोराच्या बारीक फांद्यांचा गुंता कोपऱ्यात करून द्या. मधली जागा मात्र त्यांनाही मोकळीच, ते तर बजींपेक्षा जास्त इकडून तिकडे करतात.

धायरीकर

फॅब्रिकेटरला आराखडा दिला. सळई नको म्हटल्यावर तोंड वाकडं केलं, पण पट्टी आणि दुहेरी दार ऐकून बिलाचा आकडा डोळ्यासमोर आला असावा, खुलला. आता फांद्या. पेरूच्या मिळतील का कुठे सिंहगड रस्त्याच्या बाजूला?

सईची आई

आमच्या घरामागे पेरू आहे, या रविवारी छाटतोय. औषध कधीच मारलेलं नाही. संदेश पाठवा, पत्ता देते. येताना कोयता आणि एखादा मदतीचा माणूस घेऊन या, आमच्याकडे दोन्ही नाहीत.